खोलीत काका नाही

खांबेट्यांना काका म्हणायची परवानगी मला फक्त पार्किंग लॉटपर्यंत होती. सॅटेलाइट स्टेशनचं दार ढकलून आत पाऊल टाकलं की काका संपले. आत ते 'कमांड' आणि मी 'चेक'. पहिल्याच दिवशी त्यांनी मला दारात उभं करून बजावलं होतं, "खोलीत काका नाही. मी चुकलो तर तू 'स्टॉप' म्हणायचंस. काकाला कोणी स्टॉप म्हणत नाही, म्हणून खोलीत काका नाही. कळलं?"

कळलं, मी म्हणाले. मनात म्हटलं, काय चक्रम म्हातारा आहे बाप्पा! मी नागपूरची, आमच्याकडे शेजारच्या पानवाल्यालाही काका म्हणतात. इथे परक्या देशात एक मराठी माणूस भेटला, तर तो नातंच दारात काढून ठेवायला सांगतो, चपलांसारखं.

परवा त्यांच्या मुलीचा, वैशालीचा, बर्नाबीहून फोन आला. झोपेतच गेले, म्हणाली. त्रास झाला नाही. मी नेहमीचं जे बोलतात ते बोलले आणि फोन ठेवला. तेव्हापासून माझ्या डोक्यात तिडीक आहे, आणि ती त्यांच्यावर नाही, माझ्यावरच आहे. म्हणून हे लिहितेय.

आमचं स्टेशन कॅल्गरीच्या पूर्वेला, गाडीनं तासाभराच्या अंतरावर. सपाट शेतं, एक मोठी डिश, तिच्या पायथ्याशी एक बसकी इमारत, आणि थंडीत हमखास गोठणारा वॉशरूमचा नळ. सॅटेलाइटचं काम म्हटलं की नागपूरच्या नातेवाइकांना रॉकेट दिसतं. प्रत्यक्षात आम्ही दोन खुर्च्यांत बसायचो. सॅटेलाइट क्षितिजावर उगवायचा, दहाबारा मिनिटांत डोक्यावरून जाऊन मावळायचा. तेवढ्या वेळात त्याला काय सांगायचं ते सांगून घ्यायचं. मग पुढच्या फेरीपर्यंत कॉफी.

खांबेटे मूळचे चिपळूणकडचे. सत्तरच्या दशकात कधीतरी इकडे आले. रिटायर झाल्यावर कंपनीनंच त्यांना काँट्रॅक्टवर परत बोलावलं होतं, कारण आमच्या सॅटेलाइटच्या खोडी त्यांच्याइतक्या दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हत्या. उत्तरेकडच्या जंगलांत वणवे कुठे पेटलेत ते बघणारा जुना सॅटेलाइट. खांबेटे त्याला 'बाई' म्हणायचे. "बाई आज जरा घुश्शात आहेत." "बाईंना ऊन लागलंय." ते पहिल्या दिवसापासून तिच्यासोबत होते, आणि ही आपली शेवटची, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. "बाई थांबल्या की मी थांबलो," असं म्हणायचे.

मी आले तेव्हा माझ्या अंगात पुण्यात घेतलेलं पातळ जॅकेट होतं. ते बघून खांबेटे हसलेसुद्धा नाहीत. थेट गाडीत घालून दुकानात नेलं, जाडजूड पार्का घ्यायला लावला, मग विंटर टायर बसवून घेतले, मग एका गुजराती कुटुंबाचं बेसमेंट भाड्यानं मिळवून दिलं. सगळं एका शनिवारात. आभार मानायला गेले तर म्हणाले, "आभार राहू देत. रस्त्यावर घसरलीस तर चेकच्या खुर्चीत मी कोणाला बसवू?"

इथल्या मराठी मंडळात त्यांचं कुणाशी फारसं जमायचं नाही. गणपतीत गायला उभ्या राहिलेल्या बाईंना त्यांनी भर कार्यक्रमात सांगितलं होतं की माइक बंद करा, गाणं जास्त चांगलं ऐकू येईल. त्यांचं म्हणणं खरं होतं, हीच तर पंचाईत होती. पुढच्या वर्षी त्यांना साउंड सिस्टिमपासून लांब, वर्गणीच्या टेबलामागे बसवलं.

त्यांना शिकवता मात्र यायचं. कमांडचा सिग्नल कसा जातो, हे मी इंजिनिअरिंगला पाठ केलं होतं, पण समजलं त्यांच्या घरी, जेवताना. तीन ताटं मांडली होती. वैशाली आली होती तेव्हा. वरणभात वाढून झाला आणि तुपाची वाटी हातात घेऊन ते थांबले.

"ही वाटी म्हणजे आपला ट्रान्समीटर. तूप एवढंच. जास्तीचं नाही. पहिलं ताट कॅरिअरचं, म्हणजे ज्या लहरीवर आपण बाकी सगळं चढवतो ती. तिच्यात जोर नसेल तर बाईंना कळणारच नाही की आपण हाक मारतोय. दुसरं ताट कमांडचं, म्हणजे काय करायचं तो निरोप. आणि तिसरं रेंजिंगचं. बाई किती लांब आहेत ते मोजायला आपण एक सूर सोडतो आणि तो परत येईपर्यंत घड्याळ बघतो. आता सांग, तिसरं ताट मांडलं तर पहिल्या दोघांचं काय होतं?"

"त्यांना कमी मिळतं."

"बाईंची प्रकृती ठणठणीत असेल तर तिघंही जेवतात. पण बाई आजारी असतील, तोंड फिरवून बसल्या असतील, तर तिसरं ताट आधी उचलायचं. तिथे चमचाभर तुपावर सगळं अडतं."

"बाबा, कॅन वी ईट नाऊ?" वैशाली म्हणाली. वरण निवलं होतं.

चमचाभर तुपासाठी या माणसानं काय काय केलं! डिशमध्ये बर्फ साचतो. कोरड्या बर्फाचं त्यांना काही वाटत नसे. पण चिनूक सुटला, म्हणजे डोंगरावरून ते उबदार वारं आलं, की तासाभरात बर्फ ओला होतो, आणि ओला बर्फ सिग्नल खातो. मग सत्तरी ओलांडलेले खांबेटे लांब दांड्याचा झाडू घेऊन शिडीवर. झाडू त्यांनी स्वतः आणलेला. दांड्यावर मार्करनं मराठीत 'खांबेटे' लिहिलेलं, म्हणजे दुसरं कुणी फरशी पुसायला नेणार नाही.

आणि मोजणं. कमांड सोडली की ती पोचल्याची खूण म्हणून बाईंकडचा एक आकडा एकानं वाढायचा. तो स्क्रीनवर दिसेपर्यंत खांबेटे मराठीत मोजायचे, ओठांतल्या ओठांत. एक, दोन, तीन. वीसपर्यंत. वीस झाले तरी आकडा हलला नाही तर पुन्हा सोडायची, विसाच्या आधी कधीच नाही. "समोरच्याला वेळ द्यावा," म्हणायचे. आमचा मॅनेजर ग्रेग ऐकून ऐकून मराठीत वीसपर्यंत मोजायला शिकला होता. एकोणीसला त्याची जीभ अडखळायची, तो सरळ उडी मारून विसावर जायचा.

मी त्यांना पहिल्यांदा 'स्टॉप' म्हटलं तेव्हा नोकरीला लागून चार महिने झाले होते. त्यांनी यादीतली पुढची कमांड काढली होती आणि मधली एक राहिली होती. माझ्या तोंडून 'स्टॉप' निघून गेलं. त्यांनी हात उचलला, यादी पाहिली, मधली कमांड सोडली. शिफ्ट संपेपर्यंत चकार शब्द नाही. घरी जाऊन मी नवऱ्याला सांगितलं, माझी गच्छंती नक्की आहे. दुसऱ्या दिवशी पार्किंग लॉटमध्ये माझ्या गाडीच्या टपावर स्टीलचा डबा. आत चिरोटे. वाकडेतिकडे, एका बाजूनं करपलेले.

"सुशीलाच्या हातचे नाहीत," ते म्हणाले. "काल थांबवलंस ते बरं केलंस. खा."

सुशीलाताई म्हणजे त्यांची बायको. त्या मी येण्याच्या दोन वर्षं आधी गेल्या होत्या. त्यांच्याबद्दल खांबेटे एकदाच बोलले, गाडी चालवताना, रस्त्यावरची नजर न काढता. सुशीलाताईंच्या पोटात वर्षभर दुखत होतं. डॉक्टर दर वेळी विचारायचा, एनी पेन? आणि त्या म्हणायच्या, नथिंग, नथिंग. एवढा मोठा डॉक्टर, त्याला कशाला त्रास द्यायचा. घरी खांबेट्यांनी विचारलं की म्हणायच्या, काही नाही हो.

"मी शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होतो," ते म्हणाले. "तिचा चेहरा मला दिसत होता. 'काही नाही' म्हणजे आपल्याकडे काय असतं, ते त्या गोऱ्याला कुठून कळणार? मला कळत होतं. मीच स्टॉप म्हणालो नाही."

तेव्हा मला कळलं, खोलीत काका का नाही ते. आणि हे कळूनही मी जे केलं ते केलं.

मार्चमधली सकाळ होती. बाई उगवल्या त्याच गटांगळ्या खात. काहीतरी बिघडून तिचा तोल गेला होता. सोलर पॅनल उन्हापासून फिरलेली, बॅटरी भराभर उतरत होती. हिशेब केला तर हातात दोनच फेऱ्या होत्या. तीन कमांड लागोपाठ पोचल्या तर ती सावरणार होती. नाही पोचल्या तर थंडीनं बॅटरी मरणार, आणि मग बाई म्हणजे वर फिरणारं भंगार. पहिल्या फेरीत ती नेमकी कुठे आहे ते कळायला हवं होतं, म्हणून रेंजिंग चालू केलं आणि अंतर मोजून घेतलं. कमांड सोडायच्या त्या दुसऱ्या फेरीत.

मधल्या वेळात चिनूक सुटला. डिशमधला बर्फ ओला होऊन चिकटला. खांबेट्यांनी झाडू उचलला. मी म्हटलं, मी जाते. "तुझा हात पोचणार नाही," म्हणाले आणि गेले. मी खिडकीतून बघत होते. शिडीवर उभं राहून, खांदे वर ओढून, तो ओला गाळ खाली लोटत होते.

फेरीला चार मिनिटं असताना ते आत आले. कोपरापर्यंत भिजलेले, चष्म्यावर वाफ धरलेली. बसले आणि यादी वाचायला लागले. पद्धत अशी की कमांडनं एकेक ओळ म्हणायची, चेकनं समोरच्या दिव्यांच्या पॅनलकडे बघायचं, आणि बरोबर असेल तरच 'चेक' म्हणायचं.

"सहा. रेंजिंग. ऑफ," ते म्हणाले. शर्टाच्या टोकानं चष्मा पुसत होते. पॅनलकडे त्यांनी पाहिलंच नाही.

मी पाहिलं. रेंजिंगचा दिवा हिरवा होता. चालू.

आता सगळं सांगते, हातचं राखून काही ठेवत नाही. मला वाटलं, इतकी वर्षं हेच काम केलेला माणूस ऑफ म्हणतोय, म्हणजे त्यांच्या मनात काहीतरी असेल. मला वाटलं, भिजून आलेत, दमलेत, ग्रेग मागे उभा आहे, त्याच्यासमोर कशाला. मला त्यांची दया आली. लाज वाटते लिहायला, पण दयाच आली.

"काका..." मी म्हणाले. त्या खोलीत पहिल्यांदा.

"काय?"

"काही नाही. चेक."

त्यांनी चष्मा चढवता चढवता एक क्षण माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात बाई उगवल्या.

पहिली कमांड गेली. एक, दोन, तीन. वीस. आकडा हलला नाही. पुन्हा. वीस. ट्रान्समीटर पूर्ण जोरावर होता, त्याहून जास्त आमच्याकडे काही नव्हतं. पुन्हा. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते. आता बोलले तर तेव्हा का नाही बोललीस, हा प्रश्न येणार, म्हणून प्रत्येक विसाला बोलणं आणखी अवघड होत गेलं. मिनिटं अशी गेली. फेरी संपता संपता चष्म्यावरची उरलीसुरली वाफ विरली असावी, कारण खांबेट्यांची नजर पॅनलवर गेली आणि तिथेच थांबली. त्यांनी हात लांब करून रेंजिंग बंद केलं आणि कमांड सोडली.

एक, दोन, तीन, चार. आकडा एकानं वाढला.

मागे ग्रेग ओरडला, "शी हर्ड अस!" खांबेट्यांनी दुसरी कमांड सोडली. सात म्हणेपर्यंत बाई मावळल्या.

पुढच्या फेरीला ती उगवायच्या वेळी स्क्रीन कोरा होता. त्याच्या पुढच्या फेरीलाही. खांबेटे त्यानंतर तीन आठवडे रोज येऊन तिला हाका मारत होते. मी शेजारी बसून 'चेक' म्हणत होते.

चौकशीला हेड ऑफिसची तीन माणसं आली. मला विचारलं, दिवा दिसला होता का? मी म्हणाले, इट लुक्ड ऑफ टू मी. खिडकीतून ऊन येत होतं, असंही म्हणाले. अगदी स्वच्छ इंग्रजीत, आवाज न कापता. मग त्यांनी खोलीतलं रेकॉर्डिंग लावलं. सहाव्या ओळीपाशी एकानं ते थांबवलं.

"व्हॉट इज दॅट? व्हॉट लँग्वेज?"

"मराठी," खांबेटे म्हणाले.

"व्हॉट आर यू सेइंग देअर?"

खांबेट्यांनी टेबलावर हात ठेवले आणि एकेक शब्द सावकाश सांगितला. "शी सेड, अंकल. आय सेड, व्हॉट. शी सेड, नथिंग."

"एनिथिंग एल्स?"

"दॅट इज द होल ट्रान्सलेशन."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. 'समोरच्याला वेळ द्यावा' म्हणणारा माणूस ज्या नजरेनं बघेल त्या नजरेनं. मी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला. साहेबांनी पुढचं पान उलटलं.

ग्रेगला वाटत होतं, कारण निश्चित सांगता येत नाही असं लिहून मोकळं व्हावं. बाई गटांगळ्या खात होत्या, शेवटची कमांड पोचली तो योगायोगही असू शकेल. तो वाईट माणूस नव्हता, त्याला म्हाताऱ्याला वाचवायचं होतं. खांबेट्यांनी ऐकलं नाही. त्यांनी स्वतःच्या हातानं हिशेब मांडला, रेंजिंगनं किती जोर खाल्ला आणि किती कमी पडला. झाडून मिळवलं त्याहून बरंच जास्त त्या एका बटणानं गेलं होतं. खाली लिहिलं, 'रेंजिंग मी चालू ठेवलं. न बघता बंद असल्याचं सांगितलं.' माझ्याबद्दल एकच ओळ होती, 'माझ्या सांगण्यावर चेकनं दुजोरा दिला.' तेही खरंच होतं.

काँट्रॅक्ट वाढलं नाही. शेवटच्या दिवशी ब्रेकरूममध्ये केक होता. लोक येत होते, घाईत तुकडा उचलून जात होते. बाईंसाठी बरीच वर्षं खपलेले एक दोघं तर आलेच नाहीत. खांबेट्यांनी उरलेला केक फॉइलमध्ये गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवला, झाडू उचलला आणि गेले. महिन्याभरात दुसऱ्या एका सॅटेलाइटसाठी मला त्यांच्या खुर्चीत बसवलं. आता कमांड मी आहे.

नंतर ते घर विकून वैशालीकडे बर्नाबीला निघाले. निघायच्या दिवशी मी गेले. वाटेत गाडीत मोठ्यानं सराव केला होता. मला दिवा दिसला होता. चारच शब्द. एरवी माझं तोंड बंद करता करता नवरा हात टेकतो, तिथे चार शब्दांचं काय एवढं?

चिनूक सुटला होता. छपरांवरून पाणी ठिबकत होतं. ड्राइव्हवेवर ते त्याच झाडूनं ओला बर्फ बाजूला सारत होते. घर विकलेलं, सामान गेलेलं, वैशाली आत शेवटच्या खोल्या बघत होती.

"ये," म्हणाले. मी गाडीतून उतरले आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"काका..."

"बोल."

त्यांनी झाडू गॅरेजच्या दाराला टेकवून ठेवला. चष्मा काढून कोरडा पुसला, परत घातला, आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. त्यांचे ओठ अगदी थोडे हलायला लागले. दुसऱ्या कुणाला ते दिसलंही नसतं. मी त्या ओठांशेजारी दोन वर्षं काढली होती.

"काही नाही, काका," मी म्हणाले.

ते तेव्हा बारा तेरावर असतील. तरी मध्येच थांबले नाहीत. वीसपर्यंत मोजलं. मग झाडू उचलला.

"बरं," म्हणाले. "पुलावर निसरडं असेल. हळू जा."